हम्बोल्ट रेडवूड्समधील धावमार्ग

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील हम्बोल्ट काउंटीत हम्बोल्ट रेडवूड्स हे किनारी रेडवूड या प्रचंड उंच सूचिपर्णी झाडांचे राज्य उद्यान आहे. ईल नदीची दक्षिण शाखा आणि तिला मिळणारा बुल क्रीक हा ओढा यांच्या काठाने इथे गेलेले रस्ते आणि पायवाटा धावपटूंमध्ये प्रसिद्ध आहेत. सॅन फ्रान्सिस्कोपासून हे ठिकाण उत्तरेला सुमारे ३७० किलोमीटरवर आहे. उद्यानाची स्थापना १९२१ सालची. एकूण क्षेत्र सुमारे ५३,००० एकर, आणि त्यातल्या जवळपास १७,००० एकरांवर कधीच कुऱ्हाड न लागलेले जुने रान उभे आहे. धावायला इथे दोन तऱ्हेची वाट मिळते : झाडांखालून गेलेला डांबरी रस्ता आणि ओढ्याकाठची मऊ पायवाट. दोन्ही बऱ्याच अंशी सपाट. आजूबाजूला सगळा डोंगराळ मुलूख असताना एवढी सपाटी आली कुठून, हे कळले की या वाटांचे निम्मे गुपित उलगडते.

ही सपाटी नदीने घातली आहे. दर मोठ्या पुराबरोबर डोंगरावरची माती खाली येते, पाणी पसरते, ओसरते आणि मागे मळईचा थर ठेवून जाते. बहुतेक झाडे बुंध्याभोवती असा गाळ चढला की गुदमरतात. किनारी रेडवूड मात्र नव्या थरात वरच्या अंगाला नवी मुळे फोडते आणि पुन्हा जोमाने वाढते. याच नदीच्या वरच्या अंगाला रिचर्डसन ग्रोव्ह हे रेडवूडचे बन आहे. तिथे पडलेल्या सुमारे १,२०० वर्षांच्या एका झाडाचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या आयुष्यभरात भोवतालची जमीन तीन मीटरहून अधिक वर चढल्याचे आढळले. म्हणजे सर्वांत उंच झाडे आणि सर्वांत सुखाची धाववाट ही एकाच मळईची देणगी. बुल क्रीकच्या सपाटीवर १०० मीटरांपेक्षा उंच झाडे मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी ‘स्ट्रॅटोस्फिअर जायंट’ हे २००० साली सापडलेले, ११२ मीटरांहून उंच झाड काही वर्षे जगातले सर्वांत उंच ज्ञात झाड होते. २००६ साली आणखी उत्तरेला, रेडवूड राष्ट्रीय उद्यानात, सुमारे ११६ मीटर उंचीचे ‘हायपेरिअन’ सापडले आणि तो मान तिकडे गेला.

देणारी नदीच घेऊनही जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर बुल क्रीकच्या वरच्या खोऱ्यात, त्या वेळच्या उद्यानाच्या हद्दीबाहेर, बेसुमार वृक्षतोड झाली आणि उतार उघडे पडले. १९५५च्या डिसेंबरात महापूर आला तेव्हा त्या उतारांवरची दगडमाती ओढ्यात उतरली. पात्र भरून वर आले, पाण्याने काठ कापायला सुरुवात केली आणि खालच्या संरक्षित रानातली शेकडो राक्षसी झाडे मुळांसकट कोसळली. डायरव्हिल ही वस्ती त्या पुरात गेली. १९६४च्या नाताळात त्याहूनही मोठा पूर आला. वीऑट गावाजवळ त्या पुराच्या पाण्याची पातळी दाखवणारी खूण खांबावर लावली आहे. रस्त्यावर उभे राहून ती पाहायची तर मान पुरती मागे टाकावी लागते. खालचे रान राखायचे असेल तर वरचा डोंगरही राखला पाहिजे, हे या दोन पुरांनी शिकवले. पुढे वरचे खोरेही टप्प्याटप्प्याने विकत घेऊन उद्यानात जोडले गेले. आज बुल क्रीकच्या काठाने धावताना मध्येच ओढ्याचे पात्र फार रुंद, गोट्यागोट्यांनी भरलेले दिसते. ती त्याच वृक्षतोडीची जखम आहे.

हा मुलूख मूळचा सिंकियोन लोकांचा. १८५० नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांची कत्तल केली, उरलेल्यांना हाकलून दिले. रान वाचवण्याची कथा सांगताना हा भाग गाळू नये. ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ ही संस्था १९१८ साली स्थापन झाली. १९१९ साली हम्बोल्टमधल्या स्त्रियांनी आपली स्वतंत्र संघटना उभारून स्थानिक जनमत जागे केले. धनाढ्य दानशूर जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) १९२६ साली इथे येऊन गेले आणि त्यांनी एकूण २० लाख डॉलर दिले. बुल क्रीककाठच्या सुमारे १०,००० एकर रानाला त्यांचे नाव आहे. किनारी रेडवूडचे एवढे मोठे सलग जुने रान आता दुसरीकडे नाही. मूळ रानापैकी साऱ्या कॅलिफोर्नियात मिळून पाचेक टक्केच उरले आहे.

नदीचे नाव मात्र चुकीच्या मासळीवरून पडले. १८४९–५०च्या हिवाळ्यात जोसाया ग्रेग यांची तुकडी उपाशीपोटी या भागात भटकत होती. स्थानिक लोकांकडून तिने तळण्याच्या तव्याच्या मोबदल्यात वामसारखे लांबुळके मासे घेतले आणि नदीला ‘ईल’, म्हणजे वाम, म्हणू लागली. प्रत्यक्षात तो मासा लॅम्प्रे. त्याला जबडाच नसतो, आणि वामीशी त्याचे नाते नावापुरतेही नाही.

‘अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ हा या भागातला सर्वांत नावाजलेला रस्ता. लांबी सुमारे ५० किलोमीटर. पूर्वीचा १०१ क्रमांकाचा महामार्ग तो हाच. नवा रुंद महामार्ग बाजूने काढल्यावर हा जुना दुपदरी रस्ता मोकळा राहिला. काही ठिकाणी झाडे डांबराला इतकी खेटून आहेत की पांढरी पट्टी बुंध्याच्या अगदी कडेने जाते. १९७२पासून मे महिन्यात इथे मॅरेथॉन भरते. ऑक्टोबरातही एक मॅरेथॉन असते. दोन्हींचे केंद्र डायरव्हिलचा पूल, म्हणजे ईल नदी आणि तिची दक्षिण शाखा यांच्या संगमाजवळची जागा. मार्गाचा एक हात अॅव्हेन्यूवर आणि दुसरा बुल क्रीककडच्या रस्त्यावर, दोन्हीकडे जाऊन परत यायचे. चढउतार सौम्य, सावली जवळपास सगळीकडे. प्रेक्षकांची गर्दी नसते, ढोलताशे नसतात, त्यामुळे शेजारच्याचा श्वास आणि बुटांची थपथप स्पष्ट ऐकू येते. घड्याळातला जीपीएस झाडांच्या दाट छत्राखाली भरकटतो. वेळेचा हिशेब करणाऱ्याने रस्त्याकडेच्या अंतराच्या पाट्यांवर भरवसा ठेवावा.

रस्त्यापेक्षा पायवाटा सरस आहेत. बुल क्रीकच्या दोन्ही काठांनी पायवाट जाते, आणि दोन्ही मिळून सुमारे १४–१५ किलोमीटरांचा फेरा होतो. पायाखाली वर्षानुवर्षे साचलेल्या सुईसारख्या पानांचा आणि बारीक डहाळ्यांचा तपकिरी थर असतो. पाऊल किंचित दबते, आवाज मुरतो. डांबरावर दुखणारे गुडघे इथे तक्रार करत नाहीत. जमिनीलगत नेच्यांची दाटी आणि त्यांच्यामधून रेडवूड सॉरेल नावाच्या वनस्पतीचा हिरवा गालिचा पसरलेला असतो. ही आपल्या आंबुशीच्याच कुळातली, तशीच त्रिदळी, आंबट, फक्त पाने चांगली मोठी. छत्रातून उन्हाचा एखादा कवडसा हिच्यावर पडला की काही मिनिटांत तिन्ही दळे छत्रीसारखी खाली मिटतात. कवडसा पुढे सरकला की ती पुन्हा उघडतात. दम घ्यायला थांबलेल्याने बसल्या जागी पाहावी अशी ही गोष्ट आहे. ओलसर सकाळी वाटेवर बोटाएवढ्या पिवळ्याजर्द, शंख नसलेल्या गोगलगाई आडव्या येतात. त्यांच्यावर पाय पडू देऊ नये.

उद्यानातल्याच फाउंडर्स ग्रोव्ह या बनातला फेरा जेमतेम ८०० मीटरांचा, धावायला अपुरा. पण डायरव्हिल जायंटसाठी तिथे थांबायलाच हवे. सुमारे ११० मीटर उंचीचे हे झाड १९९१च्या मार्चमध्ये पडले. शेजारच्या झाडांच्या पडझडीचा धक्का त्याला बसला होता, आणि जमीन पावसाने भिजलेली होती. आडव्या पडलेल्या बुंध्याच्या टोकाला उपटून उभी राहिलेली मुळांची भिंत माणसाच्या उंचीच्या दुपटीहून मोठी आहे. तिच्याकडे पाहिल्यावर या झाडाची कमजोरी समजते. शंभर मीटरांचा डोलारा, आणि त्याला सोटमूळ नाही. मुळे दोन-चार मीटर खोलीवरच आडवी पसरतात आणि शेजाऱ्यांच्या मुळांत गुंततात. म्हणून पायवाट सोडून धावणे ही इथली सर्वांत मोठी आगळीक. माती दाबली गेली की वरवरच्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही. हायपेरिअनच्या बुंध्याभोवती लोकांच्या वर्दळीने जमीन उघडी पडली, म्हणून २०२२ साली तो भाग बंद करावा लागला. तिथे शिरणाऱ्याला आता ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

ऋतूंचा क्रम आपल्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मे, वर्षाकाठी १,५०० ते २,००० मिलिमीटर. उन्हाळा कोरडा. समुद्राकडून सकाळी धुके चढते, पानांवर साचते आणि टपटप खाली पडते. कोरड्या महिन्यांत रेडवूडला लागणारे बरेचसे पाणी असे मिळते. मे महिन्यात नदी भरलेली आणि सॉरेल फुलावर असते, ऑक्टोबरात रुंद पानांचे मेपल पिवळे पडतात. भर उन्हाळ्यात दक्षिण शाखा अगदी रोडावते आणि साचलेल्या डोहांत विषारी नील-हरित शेवाळ धरते. ते पोटात गेल्याने कुत्री दगावली आहेत. उद्यानातल्या पायवाटांवर कुत्र्यांना तशीही मनाई आहे. आणखी एक जपायची गोष्ट म्हणजे ‘पॉयझन ओक’ हे तीन-तीन पानांचे झुडूप. नुसते घासून गेले तरी अंगावर पुरळ उठते आणि दिवसेंदिवस खाज जात नाही.

सॅन होजेच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हम्बोल्ट एका दिवसात उरकत नाही, मुक्काम करावा लागतो. त्यांना जवळचा पर्याय म्हणजे सांताक्रूझजवळचे हेन्री काउएल रेडवूड्स उद्यान. तिथेही सॅन लोरेन्झो नदी आहे आणि जुन्या झाडांचा छोटा सपाट फेरा आहे, पण पुढच्या वाटा चढाच्या. त्याच डोंगररांगेतले बिग बेसिन उद्यान २०२०च्या ऑगस्टमधल्या वणव्यात जवळजवळ पूर्ण होरपळले. रेडवूडची जाड साल पुष्कळ आग सोसते, त्यामुळे बहुतेक मोठी झाडे वाचली आणि काळ्या खोडांवर हिरवे फुटवे आले.

बुल क्रीकवरचे पादचारी पूल हंगामी आहेत. पावसाळा सरला की फळ्यांचे साधे साकव टाकले जातात आणि दोन काठांच्या वाटा मिळून फेरा पुरा होतो. शरद संपता संपता, पहिल्या मोठ्या पावसाआधी, ते काढून ठेवतात. मग वसंतापर्यंत ज्या काठावर धावायला सुरुवात केली त्याच काठाने परत यायचे.