आरसा लुळ्या हाताला दाखवायचा नसतो

अर्धांगाचा झटका येऊन गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी परतलेल्या रुग्णाला फोंडा-म्हापशाकडे अजून सल्ला मिळतो: कपाटाच्या आरशासमोर बसून लुळा हात हलवत राहा. हे उलटे आहे. आरशात बघायचा तो चांगला हात.

आरसा टेबलावर छातीच्या मध्यरेषेत उभा, आडवा न कलता ठेवतात. लुळा हात त्याच्या मागे, पूर्ण झाकलेला. चांगल्या हाताची मूठ सावकाश उघडमीट करायची, मनगट फिरवायचे, नजर प्रतिबिंबावर. लुळा हातच हलतोय असे मेंदूला वाटले पाहिजे. म्हणून अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी काढा; बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो, कारण बांगडी दिसली की भ्रम मोडतो.

रोज १५ ते ३० मिनिटे, किमान चार आठवडे. घेरी, मळमळ आली किंवा दुखणे वाढले तर थांबून फिजिओथेरपिस्टला विचारा.

१९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती कापलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी, म्हणजे नसलेल्या हातात जाणवणाऱ्या दुखण्यासाठी वापरली. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात ६२ अभ्यास होते: पक्षाघातात हालचाल सुधारते, पण नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून. झटक्याला सहा महिने उलटले म्हणून आरसा फुकट, हेही खरे नाही.