आंबवलेले खाद्य म्हणजे सडलेले खाद्य नव्हे

परसातल्या कोंबड्यांना आंबवलेले धान्य घातले की त्यांना विषबाधा होते, हा समज फार जुना असून तो आंबणे आणि सडणे यांची गल्लत केल्यामुळे टिकून राहिला आहे. भरडलेले धान्य पाण्यात पूर्ण बुडवून दोन-तीन दिवस झाकून ठेवले, की धान्यावर मुळातच असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आंबट) साधारण ४ पर्यंत उतरतो आणि त्या आंबट पाण्यात साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना वाढणे अवघड जाते. शिवाय धान्यातील फायटेट या फॉस्फरस धरून ठेवणाऱ्या संयुगाचे काही प्रमाणात विघटन होऊन त्यात अडकलेला फॉस्फरस कोंबडीला अधिक मिळतो.

भीती अगदीच निराधार आहे, असेही नाही. पाण्याबाहेर उघड्या राहिलेल्या दाण्यांवर हिरवी, काळी किंवा गुलाबी लोकरीसारखी बुरशी धरली, तर वरचा थर काढून उरलेले वापरण्याची काटकसर करू नये, सगळेच फेकावे. कारण बुरशीचे विष खाली झिरपलेले असू शकते. धान्य आधीच बुरशीचे असेल तर ते आंबवून निर्धोक होईल, हा तर उलट्या टोकाचा आणि माझ्या मते अधिक घातक समज आहे. चांगल्या आंबवणाला दह्यासारखा स्वच्छ आंबट वास येतो व ढवळल्यावर बुडबुडे उठतात. कुजका, उग्र दर्प आला तर ते घालू नये. पाणी निथळून, कोंबड्या लगेच संपवतील एवढेच वाढावे आणि भांडे रोज धुवावे.