मेंदूतला फुगा फुटल्यावर: रुग्ण हलवण्याआधी नातेवाइकांनी वाचावे

सीटी स्कॅनमध्ये ॲन्युरिझम, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा, फुटल्याचं निदान झालं आहे आणि रुग्णाला आमच्या रुग्णवाहिकेतून न्यूरोसर्जनकडे न्यायचं आहे, अशा घरांसाठी हे पत्रक आहे.

फुटलेल्या जागी सध्या फक्त रक्ताच्या गुठळीचं बूच बसलेलं असतं. ते निसटलं की पुन्हा रक्तस्राव होतो आणि त्यात सुमारे निम्मे किंवा त्याहूनही अधिक रुग्ण दगावतात. हा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत. त्यामुळे रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतो आहे, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. क्लिप (बारीक चिमटा) लावून किंवा मांडीतल्या अथवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) सोडून फुगा बंद करणं हाच खरा उपाय आहे. सरकारी आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) विचाराच, पण गाडी निघाल्यावर फोनवरून.

फुगा १० मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, रुग्ण सुरुवातीलाच बेशुद्ध पडला असेल किंवा रक्त मेंदूच्या आत, पोकळ्यांत उतरलं असेल, तर धोका वाढतो. आधीच्या काही दिवसांत अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखून गेलं होतं का, हे आठवून सांगा. ती बहुधा आधीची छोटी गळती असते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी काही चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला तेही सांगा.

वाटेत आमच्या हातात असतो तो मुख्यतः रक्तदाब. वरचा आकडा साधारण १६०च्या खाली ठेवतात. डॉक्टरांनी वेगळा लिहून दिला असेल तर तोच पाळतो. दाब फार पाडला तर मेंदूला रक्त कमी पडतं, म्हणून औषध सिरिंज पंपावर, हळूहळू. दुखणं, उलटी, भरलेलं मूत्राशय, जोर करणं, खोकला या प्रत्येकाने दाब उसळतो. त्यासाठी निघण्यापूर्वीच वेदनाशामक आणि उलटीचं इंजेक्शन द्यायला आणि लघवीची नळी घालायला सांगा. डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवतो. खड्ड्यांत गाडी हळू घेतो, तेव्हा चालकाला घाई करू नका. रुग्णाजवळ एकच माणूस बसेल, आणि रडारड नको. हे सांगायला आम्हालाही जड जातं.

डोक्यातलं पाणी काढायची नळी असेल तर जास्त जपावं लागतं. स्ट्रेचर वर-खाली झालं की पिशवीची पातळी बदलते. पाणी एकदम वाहून गेलं तर आतला दाब झटक्यात उतरतो आणि बूच सुटू शकतं. नळी कधी बंद ठेवायची, कधी उघडायची, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या.

दोन औषधांबद्दल गैरसमज असतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध) दिलं म्हणजे वेळ मिळाला, असं नाही. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत ते लवकर देऊनही रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही. निमोडिपीन (सहसा ६० मिलिग्रॅम, दर ४ तासांनी, २१ दिवस) नंतर होणारी मेंदूची हानी टाळण्यासाठी असतं. पुन्हा होणारा रक्तस्राव त्याने थांबत नाही. त्याने दाबही उतरतो, म्हणून डोसची वेळ आम्हाला कळवा.

सीटीची सीडी आणि रेफरल चिठ्ठी तुमच्याच हातात ठेवा. वाटेत अचानक डोकं फुटेल असं दुखलं, झटका (फिट) आला, बोलणं थांबलं किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर त्याच क्षणी आमच्या परिचारकाला सांगा.