स्पिती : थोरलं घर, धाकटं घर आणि नौतोडची जमीन

मराठीत हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, पण त्यातलं बहुतेक लेखन रस्त्यावरून केलेलं असतं. ‘की’ गावचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, चंद्रताल सरोवर, हिक्किमचं पोस्ट, कुंझुमवरचा वारा. हे सगळं वाचकांना पाठ आहे, म्हणून इथे गाळतो. हिमाचलच्या राजकारणात गेली काही वर्षं ‘नौतोड’ हा शब्द सारखा कानावर येतो. मंत्री तो बोलतात, राजभवन त्यावर खुलासे मागवतं आणि बाहेरच्या माणसाला काही उलगडत नाही. पडीक सरकारी जमीन फोडून कसण्यासाठी गरजूंना देणं, एवढाच त्याचा अर्थ. स्पितीत मात्र या शब्दाभोवती घरं, भाऊ, बहिणी, पाणी आणि वाटाणा असा मोठा गुंता आहे. त्या गुंत्याची ही पार्श्वभूमी. यातला काही भाग कागदपत्रांतून येतो आणि बराचसा आज पन्नाशी-साठीत असलेल्या लोकांच्या लहानपणच्या आठवणींतून.

फार जुना इतिहास थोडक्यात उरकतो. ताबोचा गोम्पा इ.स. ९९६ चा. पुढे अनेक शतकं खोरं कमीअधिक प्रमाणात लडाखच्या राजांकडे होतं आणि प्रत्यक्ष कारभार ‘नोनो’ हे वंशपरंपरागत घराणं पाही. १८४१ मध्ये जम्मूच्या डोगरा फौजेच्या एका तुकडीने खोरं लुटलं. १८४६ मध्ये लडाख जम्मूच्या महाराजांकडे गेलं, पण इंग्रजांनी दुसरा मुलूख देऊन स्पिती स्वतःकडे ठेवून घेतली. त्यांना चांगथांगच्या, म्हणजे तिबेटच्या पठारावरच्या, लोकरीपर्यंत जाणारा रस्ता स्वतःच्या हद्दीतून हवा होता. आज स्पिती लडाखमध्ये नाही, हिमाचलमध्ये आहे, याचं मूळ कारण लोकर आहे. हे तिथल्या शाळेत शिकवत नाहीत आणि आपल्याकडेही नाही.

त्यानंतर शंभर वर्षं इंग्रजांनी खोऱ्यात जवळपास हात घातलाच नाही. १८७३ च्या स्पिती फ्रंटियर रेग्युलेशनने नोनोला महसूल गोळा करण्याचा आणि खून सोडून बाकी गुन्ह्यांचा निवाडा करण्याचा अधिकार दिला. या दुर्लक्षाचा परिणाम असा, की जमिनीचा जुना रिवाज जसाच्या तसा टिकला. पुढे महसुली दप्तरात रिवाजांची नोंद झाली, ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणतात तिला, आणि तोंडी चालत आलेली गोष्ट कायद्याइतकी घट्ट होऊन बसली.

रिवाज असा. घरची जमीन, घर, जनावरं आणि पाण्याचा हक्क थोरल्या मुलाला. वाटणी नाही. थोरल्याचं लग्न झालं की आईबाप मोठं घर, म्हणजे ‘खांगचेन’, त्याच्या ताब्यात देऊन शेजारच्या छोट्या घरात, ‘खांगचुंग’मध्ये, राहायला जातात. पोटापुरता एखादा तुकडा त्यांच्याकडे राहतो. धाकटे मुलगे गोम्पात. मुलगी लग्न होऊन गेली तर गेली, नाही गेली तर भावाच्या घरी राबते किंवा ‘चोमो’, म्हणजे भिक्षुणी, होते. शेजारच्या किन्नौरमध्ये आणि लाहौलमध्ये सगळ्या भावांनी एकच बायको करून जमीन एकत्र ठेवली. स्पितीने धाकट्यांना लाल वस्त्रं देऊन तेच साधलं. पिन खोऱ्याची तऱ्हा वेगळी. तिथला पंथ न्यिंगमा, भिक्षूंनी संसार केलेला चालतो, आणि ‘बुचेन’ घराणी गावोगाव धर्मनाट्यं करत, छातीवर दगड फोडून दाखवत फिरतात.

हा रिवाज क्रूर होता की शहाणपणाचा, यावर अभ्यासक भांडतात. मला तो दोन्ही वाटतो. पाऊस जवळजवळ नाही, पाणी फक्त बर्फाचं, पीक वर्षातून एक. चार भावांत शेत वाटलं असतं तर चौघेही उपाशी राहिले असते. पण रिवाजाचं गुणगान करणारे बहुतेक थोरल्या घरचे असतात, हेही मी पाहिलंय.

स्पितीचं मुख्य ठिकाण असलेल्या काझाजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक घरात तिसरे. सातव्या वर्षी त्यांना गोम्पात पाठवायचं ठरलं होतं. त्याच सुमारास गावात सरकारी प्राथमिक शाळा निघाली आणि पटावर मुलं हवीत म्हणून मास्तर घरोघर फिरले. थोरल्याला शेतात काम होतं, दुसरा आधीच गोम्पात गेलेला, म्हणून तिसरा शाळेत गेला. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षक, पटवारी आणि कारकुनांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. थोरल्याला जमीन मिळाली, धाकट्याला नोकरी, आणि तीस वर्षांनी सुस्थितीत कोण आहे ते काझाच्या बाजारात फिरलं की कळतं.

त्यांच्या आठवणीतलं लहानपण कामाचं आहे. मेंढ्या राखायची घरांची पाळी असे आणि ती पोरांवर पडे. खिशात सातूचं नाहीतर काळ्या वाटाण्याचं पीठ. येताना रिकाम्या हाताने यायचं नाही, शेण किंवा काटेरी झुडपं गोळा करून आणायची, कारण हिवाळाभर चूल त्यावरच. घरातल्या कोरड्या संडासातलं राखमातीचं खत वसंतात पाठीवरून शेतात न्यायचं, आणि हे काम मुलांना मुळीच आवडत नसे. रात्री ‘कूल’वर, म्हणजे हिमनदीकडून येणाऱ्या पाटावर, आजोबांबरोबर बसायचं. आजोबांना तिकडे ‘मेमे’ म्हणतात. पाणी रात्रभर तळ्यात साठतं आणि सकाळी पाळीप्रमाणे सुटतं. मेमे झोपले की जागायचं काम नातवाचं. सोशल मीडियावर दिसणारी शांत, ध्यानस्थ स्पिती या आठवणींत कुठे सापडत नाही. तिथे पाण्यावरून कचाकचा भांडणारी गावं आहेत.

१९६० मध्ये लाहौल-स्पिती हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हाच्या पंजाबात. १ नोव्हेंबर १९६६ ला तो हिमाचलला जोडला गेला. मधल्या काळात १९६२ चं युद्ध झालं, तिबेटशी चालणारा मीठ-लोकरीचा व्यवहार बंद पडला आणि सीमेकडे रस्ते निघाले. १९ जानेवारी १९७५ ला दुपारी दीडच्या सुमारास भूकंप झाला. ताबोचे जुने मातीचे सभामंडप वाचले, पण इजा झाली. त्या वेळी लहान असलेली माणसं अजून काळ मोजताना ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असंच म्हणतात. त्याच वर्षी जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचं आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झाला. वर्तमानपत्रांनी भूकंप लक्षात ठेवला. खोऱ्याच्या दृष्टीने अनुसूची जास्त महत्त्वाची ठरली.

आता नौतोड. हिमाचलचे नौतोडचे नियम १९६८ चे. थोडकी जमीन आणि थोडकं उत्पन्न असलेल्या माणसाला वीस बिघ्यांपर्यंत सरकारी पडीक जमीन कसायला मिळू शकते, असा त्यांचा गाभा. राज्यात इतरत्र ही एक साधी कल्याणकारी योजना होती. स्पितीत तिने शतकांचं गणित मोडलं. रिवाजाप्रमाणे ज्याच्या नावावर काहीच नाही तो धाकटा भाऊ नियमाप्रमाणे आपोआप पात्र ठरला. लग्न करून वेगळं घर मांडणं त्याला पहिल्यांदाच शक्य झालं. गोम्पात जाणाऱ्या मुलांची संख्या घटली त्याला लोक शाळांना जबाबदार धरतात, टीव्हीला धरतात. मला वाटतं नौतोडला धरायला हवं.

मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची तर केंद्राची परवानगी लागणार. स्पितीत नदीकाठची छरम्याची झुडपं आणि लावलेले विलो-पॉपलर सोडले तर झाड औषधालाही सापडत नाही. पण कागदोपत्री पडीक सरकारी जमिनीचा मोठा भाग ‘वन’ या सदरात मोडतो. झाड नसलेलं वन कायद्याने राखलं जातं आणि त्यावर शेत करायचं तर दिल्लीला विचारावं लागतं. त्यामुळे नौतोडचं वाटप अडलं. ज्यांनी मधल्या काळात जमिनी फोडून कसल्या होत्या ते अतिक्रमणदार ठरण्याची वेळ आली. २०१४ नंतर काही वर्षं राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून आदिवासी भागात हा कायदा नौतोडपुरता स्थगित ठेवला. ती मुदत संपली. अलीकडच्या वर्षांत राज्य सरकारने पुन्हा तशीच सवलत मागितली आणि राजभवनाने लाभार्थ्यांचा तपशील विचारला. तेव्हापासून दोन्हीकडून पत्रकार परिषदा चालू आहेत.

पर्यावरणवाद्यांचा आक्षेप खोटा नाही. ज्याला सरकार पडीक म्हणतं ते कुणाचं तरी कुरण असतं, आणि कुरण गेलं की भरल, म्हणजे रानमेंढीसारखं जनावर, तोही खाली गावाकडे सरकतो आणि त्याच्या मागे हिमबिबट्याही. किब्बर परिसरात गावांनी काही चराऊ जमीन स्वतःहून रानजनावरांसाठी मोकळी ठेवली, तिचे चांगले परिणाम दिसले. पण भरलासाठी जागा कुणी सोडायची हा प्रश्न उभा राहिला, की बोट नेहमी धाकट्या घराकडे वळतं. थोरल्या घराची नदीकाठची सुपीक जमीन या चर्चेत येतच नाही.

दुसरी अडचण पाण्याची, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. नौतोडची जमीन सरकार देतं, पण कूलच्या पाण्यावर जुना हक्क थोरल्या घरांचा. नव्या शेतकऱ्याने पाणी विकत घ्यायचं, किंवा बदल्यात थोरल्या घरी राबायचं, किंवा सगळ्यांची पाळी संपेपर्यंत वाट पाहायची. कित्येक ठिकाणी सख्खा भाऊ सख्ख्या भावाकडून पाणी घेतो. काही गावांनी नंतर तडजोडी केल्या, सरकारनेही नव्या कूल काढल्या. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी पडतं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र जुनाच क्रम लागू होतो.

याच जमिनीवर हिरवा वाटाणा आला. १९८० च्या दशकात शेती खात्याने बियाणं दिलं, ट्रक जातील असे रस्ते झाले होतेच. मैदानात उन्हाळ्यात वाटाणा होत नाही, स्पितीचा माल ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, म्हणून दिल्लीपर्यंतच्या मंडीत भाव मिळतो. एक बाई सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी घरचा काळा वाटाणा दळून खायचा असे, हिरवा विकायचा असतो हे कळायलाच वेळ लागला. पोरं शेतात बसून शेंगा फस्त करत आणि मार खात. तोडणीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या शेतावर पोत्यामागे पैसे मिळत, ती त्यांची पहिली कमाई. जव मागे पडला, मजूर नेपाळ आणि बिहारमधून येऊ लागले. वीस बिघे नसले तरी दोन बिघ्यांच्या वाटाण्यावर धाकटं घर उभं राहू लागलं.

१९९२ मध्ये खोरं परदेशी पर्यटकांना खुलं झालं. पुढचं वाचकांना माहीत आहे, कारण त्या पुढच्यात आपणही आहोत. पुण्या-मुंबईच्या मोटारसायकली, ऑक्टोबर २०२० चा अटल बोगदा, हिवाळ्यात किब्बरला कॅमेरे घेऊन बसलेली मंडळी, जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला अडकलेले जवळपास ३०० पर्यटक. जमिनीच्या बाजूने पाहिलं तर यात एक गोष्ट घडली. रस्त्याकडेची, शेतीला कुचकामी म्हणून धाकट्याला मिळालेली जमीन हॉटेल आणि होमस्टेसाठी सगळ्यात मोलाची ठरली. काझात थोरला वाटाणा लावतो आणि धाकटा खोल्या भाड्याने देतो, असं दृश्य सर्रास दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये इथल्या शीत वाळवंटाला युनेस्कोच्या जीवावरण जाळ्यात स्थान मिळालं. तेव्हा आनंदाइतकीच काळजीही ऐकू आली, की आता आणखी कुठली जमीन बंद होणार.

मुली अजून या हिशोबात आलेल्याच नाहीत. स्पितीत महिला मंडळांचा दरारा मोठा आहे. जून २०२० मध्ये काझाच्या बायकांनी विलगीकरणाचा नियम पाळा म्हणत राज्याच्या मंत्र्यांचा ताफा अडवला आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्याच बायकांच्या नावावर माहेरची वीतभर जमीन नसते. जून २०१५ मध्ये हिमाचल उच्च न्यायालयाने आदिवासी भागातल्या मुलींनाही हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हिस्सा मिळेल असं म्हटलं. जिल्ह्यात त्यावर बरीच खळबळ झाली. बाहेरचे जावई जमीन घेतील ही भीती पुरुषांनी बोलून दाखवली आणि काही बायकांनीही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला. १९५६ च्या कायद्याचं कलम २(२) अनुसूचित जमातींना वगळतं, न्यायालयाला ते बदलता येत नाही, हे त्याचं कारण. केंद्राने राजपत्रात अधिसूचना काढली तरच कायदा लागू होईल. अशी अधिसूचना मागावी का, यावर खोऱ्यातल्या महिला मंडळांचंही एकमत नाही. आणि थोरली घरं तर हा विषय निघाला, की नौतोडकडे बोट दाखवतात.