कॉर्नहोलचा हिशेब कॅरमचा, लॅडर टॉसचा सापशिडीचा

अमेरिकेत अमेरिकन फुटबॉलच्या मॅचआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये टेलगेट जमते. पिकअपचा मागचा फाळका पाडायचा, ग्रिल पेटवायची, आणि आत जायची वेळ होईपर्यंत खायचं, प्यायचं, खेळायचं. खेळ बहुतेक दोनच मांडलेले असतात: कॉर्नहोल (दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या, म्हणजे बॅगा, तिरक्या बोर्डातल्या भोकात फेकायच्या) आणि लॅडर टॉस (दोरीला बांधलेले चेंडू शिडीच्या पायरीवर लटकवायचे). दोन्हींत लांबून काहीतरी फेकायचं, दोन्हींत डाव 21 चा. एवढ्या साम्यावर लोकांनी दोन्हींच्या नियमांची खिचडी करून ठेवली आहे. कॉर्नहोलमध्ये कुणी 19 वरून 23 ला पोचला, की शेजारी खुर्ची टाकून बसलेला कोणीतरी ओरडणारच, "बस्ट! 15 वर परत!"

कॉर्नहोलमध्ये बस्ट, म्हणजे 21 ओलांडले की मागे जायची शिक्षा, नाही. 21 झाले किंवा 21 च्या पुढे गेलात की जिंकलात. नेमके 21 लागतात ते लॅडर टॉसमध्ये. हे एवढं डोक्यात बसलं तर निम्मी भांडणं मिटतील.

कॉर्नहोल बहुतेकांना येतो, म्हणून भरभर. बोर्ड 2 फूट बाय 4 फूट, मागची कड जमिनीपासून 12 इंच उंच. भोक 6 इंच व्यासाचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून 9 इंचांवर. दोन बोर्डांमधलं अंतर 27 फूट, आणि ते पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत मोजायचं. भोकापासून भोकापर्यंत मोजणाऱ्यांनी टेप दुसऱ्याच्या हातात द्यावी. प्रत्येकाला चार बॅगा. बोर्डवर राहिली तर 1, भोकात गेली तर 3. जमिनीवर टप्पा खाऊन बोर्डवर आलेली बॅग बाद, लगेच उचलायची.

लॅडर टॉस तुलनेने कमी जणांनी नीट खेळलेला असतो. दुकानात तो लॅडर बॉल या नावानेही मिळतो, 'लॅडर गोल्फ' हा एक ब्रँड आहे, आणि हिलबिली गोल्फ म्हणणारेही भेटतील. खेळ एकच. तीन आडव्या पायऱ्यांची, बहुधा पीव्हीसी पाइपची शिडी समोर उभी असते. फेकायची वस्तू म्हणजे दोरीच्या दोन टोकांना गोल्फचे दोन चेंडू. तिला बोला म्हणतात. मराठी माणसाला हसू येणार, पण शब्द स्पॅनिश आहे. दक्षिण अमेरिकेतले गुराखी जनावराच्या पायांत अडकवायला फेकत ते हत्यार. प्रत्येकाला तीन बोला. दोरी पायरीवर अडकून बोला लटकत राहिली पाहिजे: वरच्या पायरीला 3 पॉइंट, मधल्या 2, खालच्या 1. तिन्ही एकाच पायरीवर लटकल्या, किंवा तीन पायऱ्यांवर एकेक लटकली, तर वर 1 बोनस. म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त 10. अंतर 15 फूट. जमिनीवर टप्पा देऊन टाकलेली बोला इथे चालते, आणि समोरच्याची लटकलेली बोला पाडणं हाही खेळाचाच भाग आहे.

आता मुद्द्याचं. 21 चा अर्थ दोन खेळांत वेगळा का, हे कळलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

कॉर्नहोलमध्ये फेरीअखेर दोघांचे पॉइंट एकमेकांतून वजा होतात आणि फक्त फरक मिळतो, तोही ज्याचे जास्त त्यालाच. तुमचे 5, माझे 3, तर तुम्हाला 2 आणि मला शून्य. कॅरम खेळलेल्याला हे नवं नाही. तिथेही बोर्ड जिंकणाऱ्यालाच पॉइंट मिळतात, आणि तेही, राणीचे सोडले तर, समोरच्याच्या जेवढ्या सोंगट्या उरल्या तेवढे. म्हणजे तुमचे पॉइंट किती होणार हे समोरच्याच्या खेळावरही ठरतं. म्हणूनच कॅरमचा गेम 25 चा असला तरी 23 वर असताना समोरच्याच्या पाच सोंगट्या राहिल्या तर कुणी "28 झाले, मागे जा" म्हणत नाही. कॉर्नहोलचंही तेच आहे.

लॅडर टॉसमध्ये वजाबाकी नाही. फेरी संपल्यावर ज्याच्या जेवढ्या बोला लटकत आहेत, तेवढे पॉइंट त्याचे, दोघांचेही. शिवाय एक खेळाडू आपल्या तिन्ही बोला सलग टाकतो, मग दुसरा. कॉर्नहोलसारखी आळीपाळी नाही. त्यामुळे किती हवेत हे तुम्हाला फेकायच्या आधीच माहीत असतं, आणि कुठली पायरी गाठायची हे तुमच्या हातात असतं. अशा खेळात नेमक्या आकड्याची अट शोभते. सापशिडीत 97 वर असताना फाशावर 5 पडले तर सोंगटी जागची हलत नाही. लॅडर टॉसमध्ये 18 वरून फेरीत 5 मिळाले तर ते पाचही बुडाले आणि पुढची फेरी 18 वरूनच. शिडीचा नियम शिडीलाच, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि इथेही मागे जाणं नाही! 15 वर परत, 11 वर परत, 13 वर परत, हे सगळे घरगुती शोध. प्रत्येक पार्किंगमध्ये त्यांचा आकडा बदलतो, यावरूनच ते किती अधिकृत आहेत ते समजावं.

"थोडी गंमत म्हणून बस्ट ठेवला तर काय बिघडतं?" हा पुढचा प्रश्न. कॉर्नहोल बिघडतो, आणि तो कसा ते आकड्यांतच दिसतं. धरा, पहिला संघ 18 वर आहे. त्याने चारही बॅगा टाकल्या: दोन भोकात, दोन बाहेर, म्हणजे 6. दुसऱ्या संघाच्या तीन बॅगा पडल्या आहेत, त्यांतल्या दोन बोर्डवर, म्हणजे 2. फरक 4, डाव 22 ला संपणार. दुसऱ्याच्या हातात शेवटची बॅग आहे. खऱ्या नियमाने त्याच्यापुढे एकच वाट उरते: ती बॅग भोकात घालायची. गेली तर त्याचे 5, फरक 1, पहिला संघ 19 वर अडकतो आणि डाव जिवंत राहतो. 27 फुटांवरून, सगळे गप्प झालेले असताना, 6 इंचांच्या भोकात. कॉर्नहोल बघायचा तो या एका फेकीसाठी.

आता बस्ट लावा. दुसऱ्याने डोळे मिटून बॅग गवतात टाकली तरी पहिला संघ 22 झाला म्हणून 15 वर जातो. चुकवणाऱ्याला बक्षीस, नेम धरणाऱ्याला शिक्षा. वजाबाकीच्या खेळावर नेमक्या आकड्याची अट लादली की हे होणारच. अमेरिकन कॉर्नहोल लीग 2015 पासून व्यावसायिक स्पर्धा घेते; तिथेही 21 किंवा अधिक म्हणजे डाव खलास. फेरी मात्र पूर्ण व्हावी लागते. मधेच कुणाची बेरीज 21 च्या वर गेली म्हणून बॅगा गोळा करायला धावू नका, समोरच्याच्या उरलेल्या बॅगा वजाबाकी करू शकतात.

उलट चूक लॅडर टॉसमध्ये होते. कॉर्नहोलची सवय असलेला तिथे 21 पार केले की हात वर करतो, आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांतली सगळी मजा घालवतो. ती मजा बेरजेत आहे. 14 वर असाल तर 7 हवेत. तीन पायऱ्यांवर एकेक टाकली की 3 अधिक 2 अधिक 1 अधिक बोनस, बरोबर 7. तिन्ही मधल्या पायरीवर टाकल्या तरी 7. 17 वर असाल तर तिन्ही खालच्या पायरीवर, बोनससकट 4. 15 वर मात्र वाट एकच: वरच्या पायरीवर दोन, आणि तिसरी मुद्दाम बाहेर. कारण तीन बोलांत 6 जमवायला गेलात की बोनस लागून 7 होतात. आणि 12 वर असताना त्या फेरीत डाव संपूच शकत नाही: 9 पॉइंट मिळवायचा मार्गच नाही. तिन्ही वर लटकल्या तर 10 होतात, त्याखाली 8. हे ज्याला माहीत आहे तो 12 वर थांबायचं टाळतो. बोनस विसरून 18 वरून "एकेक पायरी घेऊ" म्हणणारा 7 मिळवतो, सातही बुडतात, आणि त्याला वाटतं नशीब वाईट.

काही घरांत लॅडर टॉसलाही वजाबाकी लावतात: एकाच पायरीवरच्या दोघांच्या बोला एकमेकींना कापतात. खेळायचं तर पहिली बोला फेकायच्या आधी ठरवा. पण त्यात 21 नेमके ठेवलेत तर वर सांगितलेला कॉर्नहोलचा घोळ तुम्ही स्वतःहून ओढवून घेतलात. वजाबाकी नको, हेच बरं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, जागेचा सोडून. अमेरिकेतली पार्किंगची एक जागा साधारण 9 फूट रुंद आणि 18 फूट लांब असते. कॉर्नहोलला 27 फूट अंतर आणि दोन्ही बोर्डांचे 4-4 फूट, असे 35 फूट लागतात, म्हणजे समोरासमोरच्या दोन पूर्ण जागा. तेवढी मोकळी नसेल तर बोर्ड 20 फुटांवर ठेवून मोठ्यांनी खेळू नये. लहान मुलांसाठी 21 फूट ठीक आहे. मोठ्यांना त्या अंतरावरून सगळंच भोकात जायला लागतं आणि वजाबाकी करून हाती काही उरत नाही. त्यापेक्षा शिडी लावा. ती मागच्या गाडीपासून दूर ठेवा, कारण पायरी चुकलेला गोल्फचा चेंडू डांबरावरून जो उसळतो तो थेट बंपरला भेटतो. गर्दीत नरम रबरी चेंडूंच्या बोला वापरा. वाऱ्यात शिडी सरकते. तळाच्या पाइपमध्ये वाळू भरून टोपणं बसवली की हलत नाही.

बोर्ड घेताना 'टेलगेट साइझ' असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. तो बहुधा 2 बाय 3 फुटांचा असतो. डिकीत मावतो, पण त्यावर बॅगेला घसरायला जागाच नसते, आणि कॉर्नहोल हा घसरवण्याचा खेळ आहे. बॅग सपाट धरून, हलकी फिरकी देऊन, भोकाच्या अलीकडे वीतभर अंतरावर उतरवायची आणि घसरत न्यायची. प्रत्येक वेळी थेट भोकात टाकायला जाणारा दुसऱ्या डावात थकतो. बॅग 6 इंच चौकोनी, वजन 16 औंसांच्या आसपास. जुन्या पद्धतीने मका भरलेली बॅग पावसात भिजली की संपली, तिचा भुसा बोर्डवर पसरून तो मधेच जास्त गुळगुळीत होतो, आणि गॅरेजमध्ये उंदरांची पंगत बसते. प्लास्टिकच्या दाण्यांची घ्या. नावात कॉर्न आहे म्हणून मक्याचा हट्ट धरणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

बोला फेकताना उलट करायचं. एक चेंडू बोटांत, दुसरा खाली लोंबता. हात खालून पुढे आणून सोडायचा, म्हणजे दोन्ही चेंडू उभ्या चक्रासारखे एकमेकांवरून कोलांट्या घेत जातात आणि दोरी पायरीला आडवी छेदते. पंख्यासारखी सपाट फिरत गेलेली बोला पायरीला समांतर लागते आणि घसरून पडते. नवख्यांच्या दहातल्या आठ फेकी याच कारणाने वाया जातात, आणि मग ते दोरीला दोष देतात.

एक प्रश्न उरतो, तो फक्त लॅडर टॉसमध्येच येऊ शकतो. दोघांनाही पॉइंट मिळत असल्यामुळे एकाच फेरीत दोघांचे नेमके 21 होऊ शकतात. तेव्हा नाणं उडवायचं नाही. पूर्ण फेऱ्या खेळत राहायचं, आणि एखादी फेरी संपताना जो 2 पॉइंटांनी पुढे असेल तो जिंकला. कॉर्नहोलमध्ये एका फेरीत एकालाच पॉइंट मिळतात, त्यामुळे तिथे बरोबरीत डाव संपतच नाही.