‘एस’ म्हणजे कर्जत की स्लो?

एआय एजंट आले, आता डॉक्युमेंटेशन लिहायची कटकट संपली, मॉडेल कोड वाचून आपलं आपण सगळं समजून घेतं! अंधेरी, पवई, ऐरोलीच्या आयटी ऑफिसांत हे इतकं सर्रास ऐकू येतं की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. (एजंट म्हणजे छोटे मदतनीस प्रोग्रॅम, म्हणजे ‘टूल’, वापरून सांगितलेलं काम पायरीपायरीने करणारा एआय प्रोग्रॅम; डॉक्युमेंटेशन म्हणजे एखादा प्रोग्रॅम काय करतो, कसा वापरायचा याची लेखी माहिती.) माझ्या मते खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. ती पटवून द्यायला एक साधं टूल पुरेसं आहे: कॉन्फिगरेशन वाचून आणून देणारं.

कॉन्फिगरेशन म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेर ठेवलेली सेटिंग्ज. कुठल्या डेटाबेसला जोडायचं, उत्तराची वाट किती वेळ बघायची, एखादी सोय चालू ठेवायची की बंद, असल्या नोंदी. कोडला हात न लावता त्या अख्खी यंत्रणा बदलू शकतात. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले होते, ते कंपनीच्या स्वतःच्याच राउटरांच्या कॉन्फिगरेशनमधल्या बदलामुळे.

आता एजंटकडे वळू. त्याच्या पोटात असलेलं भाषा-मॉडेल स्वतः एकही फाइल उघडू शकत नाही. ते फक्त मजकूर लिहितं. ‘अमुक टूल अमुक माहिती देऊन चालव’ अशी ठराविक साच्यातली ओळ ते लिहितं, भोवतालचा प्रोग्रॅम ती ओळ हेरून टूल चालवतो आणि आलेलं उत्तर पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे ठेवतो. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये, म्हणजे मॉडेलला टूल जोडण्याच्या ठराविक पद्धतीत, टूल आपली ओळख देतं ती मुख्यतः नाव, वर्णन आणि लागणाऱ्या माहितीचा आराखडा यांतून. आतला कोड मॉडेलपुढे येतच नाही. टूलविषयी त्याला जे कळतं ते एवढ्यावरून, म्हणजे आपण लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनवरून.

मुंबईत मध्य रेल्वेच्या फलाटावरचा लोकलचा इंडिकेटर आठवा. गाडीच्या कोडच्या जागी ‘एस’ दिसला तर गाडी कर्जतची; तोच ‘एस’ वेळेच्या पुढे दिसला तर गाडी स्लो. रोजच्या प्रवाशाला यात काही विशेष वाटत नाही. नवखा माणूस शेजारच्याला विचारतो. एजंटला बहुतेक वेळा शेजारी नसतो. सगळ्यांत संभवनीय वाटेल तो अर्थ धरून तो गाडीत चढतो.

‘संभवनीय’ हा शब्द इथे अगदी गणिती अर्थाने घ्या, कारण खरी गंमत इथेच आहे. मॉडेल मजकूर लिहितं तुकड्या-तुकड्याने, म्हणजे टोकन-टोकनने. प्रत्येक पायरीवर ते सगळ्या शक्य टोकनांना गुण देतं. गुण ठरतात आधीच्या सगळ्या मजकुरावरून. कुठल्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचं हे ठरवणारी ‘अटेन्शन’ची रचना २०१७ मधल्या ट्रान्सफॉर्मरच्या शोधनिबंधापासून रूढ झाली. टूलचं वर्णनही याच मजकुरात असतं, त्यामुळे त्यातला प्रत्येक शब्द गुणांच्या हिशेबात उतरतो.

मग या गुणांच्या शक्यता बनतात. त्यासाठी ई या संख्येचा, म्हणजे सुमारे २.७१८ चा, गुणाइतका घात घेतात आणि आलेल्या आकड्याला सगळ्यांच्या बेरजेने भागतात. समजा, ‘कुठल्या वातावरणातलं (चाचणीच्या यंत्रणेचं की ग्राहक वापरतात तिचं) कॉन्फिगरेशन हवं?’ या रकान्यात मॉडेलला ‘प्रॉड’, ‘प्रॉडक्शन’ आणि ‘लाइव्ह’ हे तिन्ही सारखेच योग्य वाटले. प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. वर्णनात ‘प्रत्यक्ष ग्राहक वापरतात त्या यंत्रणेसाठी प्रॉडक्शन असं पूर्ण लिहा’ एवढं वाक्य घातलं आणि त्याने ‘प्रॉडक्शन’चा गुण फक्त ३ ने वाढला, असं धरा. ई चा तिसरा घात जवळजवळ २०. वीस भागिले बावीस, म्हणजे शक्यता सुमारे ९१ टक्के! घातांकामुळे एका वाक्याला एवढं बळ येतं.

आराखड्यात चालतील तेवढीच मूल्यं नोंदवली, तर याहून कडक बंदोबस्त होतो. काही यंत्रणा त्या यादीत न बसणाऱ्या टोकनांची शक्यता थेट शून्य करतात. वर्णन मॉडेलचा कल बदलतं, यादी बाकीचे रस्ते बंद करते. मला दोन्ही हवीत, कारण यादीतला चुकीचा पर्याय निवडण्यापासून यादी वाचवत नाही.

म्हणूनच ‘हे खूप महत्त्वाचं आहे, अजिबात चुकू नकोस’ असले ‘सिद्ध’ प्रॉम्प्ट (मॉडेलला लिहून द्यायच्या सूचना) फॉरवर्ड करणाऱ्यांची मला काळजी वाटते. हा सरळसरळ मंत्रतंत्र आहे. मॉडेलपुढे नसलेली माहिती दरडावल्याने पैदा होत नाही.

उत्तराचंही तसंच आहे. टूलने ‘टाइमआउट ३०’ असं, म्हणजे वाट बघायची वेळ ३०, असं सांगितलं. सेकंद की मिलिसेकंद? हजारपटीचा फरक आहे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ गमावलं गेलं, तेव्हा एक सॉफ्टवेअर पाउंड-बलात आकडे देत होतं आणि दुसरं ते न्यूटनमध्ये समजत होतं. तफावत होती जवळजवळ ४.४५ पटींची. आपल्या टूलने एकक दरवेळी उत्तरातच लिहावं. मूल्य कोणी मुद्दाम भरलेलं आहे, आपोआप आलेलं आहे की ती नोंदच नाही, हेही वेगवेगळं सांगावं. तिन्ही वेळा रिकामी जागा परत आली तर एजंट ती अंदाजाने भरण्याचा धोका आहे, आणि तो अंदाज पुढच्या पायरीला खरी माहिती म्हणून वापरला जातो.

पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या या टूलने देऊच नयेत. वर्णनात ‘देत नाही’ असं लिहावं आणि कोडमध्येही तसंच असावं, कारण मॉडेलपुढे आलेला मजकूर पुढे कुठेही उमटू शकतो.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ते एरर मेसेज. ‘अवैध विनंती’ एवढंच परत आलं तर एजंट त्याच चुकीभोवती घिरट्या घालत बसतो. त्याऐवजी ‘पेमेंट्स नावाची सेवा नाही, पेमेंट-गेटवे आणि पेमेंट-रिफंड या आहेत’ असं उत्तर आलं, तर पुढच्या खेपेला योग्य नाव त्याच्या डोळ्यांसमोरच असतं. डॉक्युमेंटेशनचं हे पान कोणीही आधीपासून वाचत नाही. ते चूक झाल्याच्या क्षणी, हवं तेवढंच समोर येतं, आणि तेही लिहावं लागतं माणसालाच.