इन्वांगसान

दक्षिण कोरियाची राजधानी सोल हिच्या पश्चिमेचा ग्रॅनाइटचा पवित्र डोंगर. उंची ३३८ मी. जोसन राजवटीने १३९४ मध्ये राजधानी इथे आणली. दक्षिणाभिमुख राजवाड्याच्या उजव्या हाताला येणारा हा डोंगर फेंगशुईनुसार, म्हणजे जागेचे शुभाशुभ पाहणाऱ्या शास्त्रानुसार, राजधानीचा ‘पांढरा वाघ’, म्हणजे पश्चिमेचा रक्षक मानला गेला. १३९६ चा नगरकोट याच्या कण्यावरून जातो.

डोंगरावरचे मुख्य देवस्थान गुक्सादांग. ही तीन खणांची लाकडी, कौलारू वास्तू मुळात नामसान टेकडीवर होती. जपानी सत्तेने तिथे स्वतःचे शिंतो देवस्थान बांधायला घेतले आणि १९२५ मध्ये ती इकडे हलवावी लागली. आत देवतांची चित्रे आहेत. त्यांत जोसनचा संस्थापक यी सोंगग्ये हाही आहे. राजा मेल्यावर लोकदेव झाला, हे आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटू नये.

इथे ‘गुत’ हा विधी होतो. तो चालवणारी मूदांग बहुधा स्त्री असते. तिच्या अंगात देव येतात आणि प्रत्येक देवाच्या पाळीला ती पोशाख बदलते. साथीला मधे निमुळता असलेला जांगू ढोल, काशाचा थाळा आणि झांजा. मांडणीत तांदळाच्या पिठाचे वाफवलेले त्तोक, फळे, सुकवलेला मासा, मद्य आणि बऱ्याचदा डुकराचे डोके असते. डुक्कर त्रिशूळावर टोचून तो आधाराशिवाय उभा करणे हा खरा कसोटीचा क्षण. त्रिशूळाच्या बुडाशी मीठ घालतात. उभा राहिला तर देवाने नैवेद्य स्वीकारला. डगमगला, तर पुन्हा विनवणी आणि पुन्हा प्रयत्न. आपल्या कौलासारखेच.

गुक्सादांगच्या वर सॉनबावी. वाऱ्यापावसाने पोखरलेला सुमारे ७-८ मी. उंचीचा हा खडक झगा पांघरलेल्या भिक्षूसारखा दिसतो. अपत्यासाठी इथे नवस करतात. खडक कोटाच्या आत घ्यावा की बाहेर ठेवावा, यावरून भिक्षू मुहाक आणि मंत्री जोंग दोजोन यांचा वाद झाल्याची आख्यायिका आहे. खडक बाहेर राहिला.

जाण्यासाठी मेट्रोच्या ३ क्रमांकाच्या मार्गावरील दोंगनिम्मुन स्थानकाचे २ क्रमांकाचे दार धरावे. उंच इमारतींमधून चढ चढला की इन्वांगसा मंदिराची कमान लागते, पुढे पायऱ्या. चढ थोडाच आहे, पण खडा. पावसानंतर उघडा ग्रॅनाइट निसरडा होतो, त्यामुळे सॉनबावीच्या वरच्या कपारींकडे गुळगुळीत तळव्याचे बूट घालून जाऊ नये.

इथे येणाऱ्यांच्या चुका बहुतेक एकाच समजुतीतून होतात: हे जुने स्मारक आहे, असे धरून चालण्यातून. एरवी गुक्सादांग अनेकदा बंद असते. दार उघडे आणि ढोल चालू असेल तर आत कुणा कुटुंबाने पैसे मोजून करवलेला खासगी विधी चालू आहे, असे समजावे. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत, मांडणी आणि मूदांग यांच्या मधून जाऊ नये. कपारीत ठेवलेल्या फळांना हात लावू नये. मेणबत्ती तर पेटवूच नये: वसंतात पाचोळा वाळलेला असतो, आणि २ एप्रिल २०२३ रोजी या डोंगराला मोठी आग लागली होती.

शिखराकडे कोटालगतची वाट जाते. १९६८ मध्ये उत्तर कोरियाच्या कमांडोंनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर हल्ल्याचा प्रयत्न केल्यानंतर डोंगर बंद झाला. तो १९९३ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुला झाला.